कापलेल्या सात ओळी

फ्रीगंज, उज्जैन
२१ ऑक्टोबर १९५६

प्रिय श्रीधर,

'प्रिय' सवयीने लिहिलं आहे, फार मनावर घेऊ नकोस. अठरा वर्षं कारकुनी केलेल्या माणसाच्या हातून मायना आपोआप उमटतो. तुझं पत्र मिळालं, आणि त्यात घडी करून घातलेलं पुण्याच्या वर्तमानपत्राचं कात्रणही मिळालं. तुझा सत्कार झाला, तू शाल पांघरून बोललास, आणि मध्यभारतातल्या एका कचेरीने तुझ्या तरुण लेखणीची जीभ कापली असं म्हणालास. पुढे कंसात 'टाळ्या' असं छापलं आहे. लेखणीला जीभ असते हे मला ठाऊक नव्हतं, पण मी पडलो कारकून. पत्रातलं मागणं मात्र भाषणापेक्षा पुष्कळ साधं आहे. 'नवी छत्री' या तुझ्या प्रहसनाची वही बिऱ्हाडं बदलताना हरवली. आता प्रकाशक छापायला तयार आहे, तेव्हा कचेरीत दाखल केलेली प्रत निघते का ते मी पाहावं. त्यातही तेव्हा कापलेला भाग तुला नक्की हवा आहे, कारण तो जाड ठशात छापायचा आहे, म्हणजे लेखनस्वातंत्र्याचा खून कसा पडतो ते वाचकाला दिसेल. शेवटी लिहिलं आहेस, 'तुझ्यावाचून हे काम कोण करणार?' खरं आहे. पहिल्यांदाही ते काम मीच केलं होतं.

वेळ मात्र तू अचूक साधलीस. दहा दिवसांनी मध्यभारत नावाचं राज्य संपतंय. मूल असतं तर अजून तिसरीत असतं. पहिल्या तारखेपासून आम्ही सगळे भोपाळचे. कचेरीत महिनाभर दप्तरांची वाटणी चालली आहे: काही बासनं भोपाळला जाणार, काही इथेच राहणार आणि उरलेली मागच्या अंगणात जाळायची. जमिनीचे खटले, खून आणि पेन्शनी भोपाळला निघाल्या आहेत. नाटकं, सर्कशी आणि कुस्त्यांचे परवाने जाळायच्या ढिगात आहेत. त्या ढिगातून मी तुझं लेखनस्वातंत्र्य दोन बोटांनी उचलून काढलं. वर पालीची अंडी होती, ती झटकली. आत तुझं ते वळणदार अक्षर, आणि तेराव्या पानावर माझी लाल पेन्सिल. सात ओळींवर रेघ, समासात 'वगळावे', शेवटच्या पानावर 'बाकी मंजूर' आणि खाली माझी सही. कागद पिवळा पडला आहे, पण पेन्सिलीचा रंग अजून ताजा आहे.

आता तुझी जीभ कशी कापली गेली ते आठवून पाहू. पुण्याच्या हवेत तुला जरा वेगळं आठवायला लागलं आहे, म्हणून सांगतो. साल एकोणपन्नास, गणपतीच्या आधीचा पंधरवडा. शिंद्यांचा दरबार होता तेव्हा नाटकाची वही सुभ्याच्या, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्याच्या, कचेरीत दाखवावी लागे. दरबार गेला, स्वराज्य आलं, खुर्चीवर खादीचं कव्हर चढलं, आणि वही दाखवायची पद्धत जशीच्या तशी राहिली. आमच्या साहेबांना मराठी येत नव्हतं. ते म्हणाले, "यज्ञेश्वरजी, यह तो आप ही की भाषा है, आप ही देख लीजिए, बस मंत्रीजी नाराज न हों." सकाळी अकरा ते पाच मी तुझा तपासनीस आणि संध्याकाळी सहापासून मंडळाच्या तालमीत तुझा प्रॉम्प्टर, अशी ती व्यवस्था होती. मी तुला टावरजवळच्या हॉटेलात बोलावलं आणि सांगितलं की नामदारांच्या तोंडच्या सात ओळी काढाव्या लागतील, कारण खरे नामदार पाहुणे म्हणून पहिल्या रांगेत बसणार आहेत. तू चहा बशीत ओतलास, फुंकर घातलीस आणि म्हणालास, "काढून टाक यार, हशा तर छत्रीच्या सीनलाच येणार आहे. त्याला फक्त हात लावू नको." कचोरी संपायच्या आत सौदा झाला होता. तुझ्या डोळ्यांत मला पाणी दिसलं नाही, शाल तर नव्हतीच. एवढंच काय, दुसरी कचोरी तूच मागवलीस.

त्या सात ओळी मी आज पुन्हा वाचल्या. वाईट याचं वाटतं की त्या चांगल्या आहेत. नामदार दुपारी झोपले आहेत, शाळेच्या बाई अर्ज घेऊन दाराशी उभ्या आहेत, आणि नामदार झोपेतून उठून म्हणतात, पूर्वी राजा एकच होता, तो दुपारी झोपला की प्रजेला दोन तास सुख असे, आता आम्ही अकरा जण आहोत आणि पाळीपाळीने झोपतो. श्रीधर, अख्ख्या आयुष्यात तू एवढं धारदार पुन्हा काही लिहिलं नाहीस. या ओळी होत्या तोवर त्या प्रहसनात मूर्ख ठरत होते ते नामदार. दारातल्या बाई बिचाऱ्या फक्त थांबलेल्या होत्या. ओळी गेल्या आणि नामदारांचा नुसता आवाज उरला, पडद्यामागून खोकणारा. मग प्रेक्षकांनी हसायचं कोणाला? उरल्या होत्या बाई, त्यांची काळी पुरुषी छत्री, आणि दारावरचा चपराशी, जो दर दोन मिनिटांनी प्रेक्षकांकडे वळून म्हणतो, "छत्री बाहेर, बाई आत!" माझ्या सात रेघांनी नामदारांची अब्रू वाचली आणि गावातल्या शाळेच्या खऱ्या बाईंची, अंबिकाबाईंची गेली. हे मला रेघा मारतानाच कळत होतं. तुलाही बशीतला चहा पिताना कळत होतं, कारण नाटक तू लिहिलं होतंस.

आपल्या मंडळाचा रिवाज तू भाषणात सांगितला नाहीस, सांगितला असतास तर टाळ्या थोड्या कमी पडल्या असत्या. मंडळाचे अध्यक्ष भय्यासाहेब, त्यांच्या आजोबांच्या वेळेपासून गणपतीत कोणाची ना कोणाची टिंगल होत आली आहे. सावकाराची झाली, वैद्याची झाली, एका वर्षी तर खुद्द सुभ्यांच्या पगडीची झाली. पण ज्याची टिंगल करायची त्याच्या घरी मंडळाने आधी नारळ घेऊन जायचं, त्याला पहिल्या रांगेत मानाची खुर्ची द्यायची, आणि खेळ संपला की आरतीच्या आधी त्याला वर येऊन उत्तर द्यायची मुभा. नारळ घ्यायला तो नाही म्हणाला तर ते सोंग त्या वर्षी वगळायचं. ना कायदा, ना लाल पेन्सिल, पण पन्नास वर्षं कोणाचं डोकं फुटलं नाही. वैद्य तर वर चढून असं काही बोलले होते की पुढची तीन वर्षं आपल्यातलं कोणी त्यांच्याकडे औषधाला जायला धजत नव्हतं. तुमच्या सभेत लेखनस्वातंत्र्यावर चार तास बोलणाऱ्यांनी एवढी साधी गोष्ट ऐकून घ्यायला हरकत नव्हती. ज्याच्यावर हसायचं त्याच्या हातात नारळ दिलाय का, आणि तो वर चढून बोलू शकतो का, एवढं पाहावं आणि मग खुशाल हवं ते लिहावं.

त्या वर्षीही भय्यासाहेबांनी नारळ दिला होता. तुला आठवतं, मला माहीत आहे. ते म्हणाले, "बाईमाणूस आहे, विधवा आहे, एकटी राहते. नीट समजावून सांग, यज्ञेश्वर. ना बोलली तर छत्री कॅन्सल." नारळ पिशवीत घालून मी निघालो आणि तू नाक्यापर्यंत सोबत आलास. तिथे तू माझा दंड धरलास. ती नाही म्हणाली तर काय, आणि हो म्हणून वर चढली आणि बोलायला लागली तर काय, असं तू विचारलंस. ती बोलायला लागली तर प्रहसन कोणाच्या लक्षात राहणार नाही, हे तुझं म्हणणं अगदी बरोबर होतं. आपण परत फिरलो. भय्यासाहेबांना मी सांगितलं की बाईंनी नारळ घेतला, पण प्रकृती बरी नसल्याने येणार नाहीत म्हणाल्या. आणि त्या संध्याकाळी तालीम संपल्यावर तो नारळ आपण रंगपटाच्या पायरीवर फोडला. पाणी तू प्यालास. खोबरं दोघांनी खाल्लं.

खेळ काय रंगला! तू स्वतः बाई झाला होतास, पांढरं पातळ, गोल भिंगांचा चष्मा, काखेत छत्री, आणि पावलं टाकताना डाव्या हाताने पदर सारखा करण्याची ती लकब. रेल्वेतला गोपाळ चपराशी झाला होता. मानाच्या खुर्चीवर नामदार बसले होते, आणि ज्या नाटकात त्यांची झोप होती त्या नाटकाला ते पोट धरधरून हसत होते, कारण त्यांची झोप मी काढून घेतली होती. शाळेच्या कमिटीचे लोक त्यांच्या मागच्या रांगेत होते. नामदार हसले की ते हसत. तिसऱ्या प्रवेशात गोपाळ वाक्य विसरला. तू दारापाशी छत्री टेकवून आत गेला होतास आणि तो नुसताच उभा राहिला. सगळा मंडप शांत झाला. ते वाक्य त्या क्षणी बुडालं असतं तर कदाचित गावाच्या तोंडी बसलं नसतं. विंगेतून वही हातात धरून मी ते सांगितलं. पुरेसं मोठ्याने सांगितलं. पुढच्या आठवड्यात आपला चमू देवासला गेला, मग इंदूरला, आणि दोन्हीकडे ते वाक्य आपल्या आधी पोचलेलं होतं.

अंबिकाबाईंचं पुढे काय झालं हे तू कधी विचारलं नाहीस, आताच्या पत्रातही नाही, म्हणून सांगतो. गणपती उठले आणि शाळा सुरू झाली. पहिल्याच दिवशी वर्गाच्या दाराला कोणीतरी मोडकी छत्री टांगली होती. फळ्यावर ते वाक्य होतं, नववीतल्या मुलीच्या अक्षरात. बाईंनी ते पुसलं आणि भूमितीचा तास घेतला. रस्त्यात भाजीवाल्यापासून टांगेवाल्यापर्यंत सगळ्यांना मराठी येऊ लागलं, निदान तेवढे चार शब्द. दिवाळीच्या आधी कमिटीने त्यांना बोलावून, बोलणं थंड होईपर्यंत रजेवर जा, असं अदबीने सांगितलं. मंडपात दुसऱ्या रांगेत बसून हसणारे हेच सगळे. बाईंनी रजा मागितली नाही, राजीनामा दिला. चार महिन्यांनी ज्या अर्जासाठी त्या नामदारांच्या दाराशी गेल्या होत्या तो मंजूर झाला आणि शाळेला मागच्या बाजूला दोन खोल्या मिळाल्या. त्यांवर नामदारांच्या नावाची फरशी आहे. मी त्याच रस्त्याने कचेरीत जातो.

आणि तू तेव्हा काय म्हणाला होतास? कलावंताने कोणाकोणाच्या भावना सांभाळायच्या, बाईंचं नाव कुठे घेतलंय, ज्याला टोपी बसली त्याने घालावी. केवढा निधडा कलावंत! नामदारांची टोपी तू स्वतः काढून माझ्या हातात दिलीस आणि निधडेपणा सगळा मास्तरणीसाठी राखून ठेवलास. आज पुण्यात, नामदार निवडणूक हरून घरी बसल्यावर, तुला त्या सात ओळी जाड ठशात हव्या आहेत. हल्ली पाहतो तर जो तो असाच शूर झाला आहे. ज्याचा हात पोचत नाही त्याच्यावर लिहायचं, आणि ज्याला आवाजच नाही त्याच्यावर हसायचं. वर त्याला स्वातंत्र्य म्हणायचं. दरबारात भाट असत, ते निदान आपल्याला भाट म्हणवून घेत.

तुझ्यावर एवढं लिहून झाल्यावर मला वाटलं होतं की मन हलकं होईल. होत नाही. कारण तुला ती छत्री दिली कोणी हे तू कात्रणात सांगितलं नाहीस, आणि मीही इथवर सांगितलेलं नाही. अंबिकाबाईंना तू उभ्या आयुष्यात दोनदा पाहिलं असशील. डाव्या हाताने पदर सारखा करण्याची लकब तुला माझ्याकडून कळली. शाळेचा तो अर्ज मी लिहून दिला होता. नामदार दौऱ्यावर येतात तेव्हा विश्रामगृहात दुपारी दोनला भेटतात, असं मीच त्यांना सांगितलं होतं, आणि त्या दिवशी मी रजा काढून त्यांच्यासोबत गेलो होतो. चैत्राचं ऊन होतं. फाटकावरच्या माणसाने आम्हाला व्हरांड्यातही येऊ दिलं नाही, साब सो रहे हैं म्हणाला. दोन ते पाच आम्ही फाटकाबाहेर उभे होतो. पाच वाजता मोटार आमच्या अंगावर धूळ उडवत निघून गेली. अर्ज बाईंनी चालत्या मोटारीच्या खिडकीतून आत टाकला, एवढीच काय ती भेट. तेव्हा, श्रीधर, बाई आत नव्हत्या. बाई बाहेर होत्या, छत्रीही बाहेर होती, आणि त्या छत्रीखाली त्यांच्या शेजारी तीन तास मी होतो. माझ्या डोक्याला ऊन लागू नये म्हणून त्यांनी ती तिरकी धरली होती आणि त्यांचा उजवा खांदा सगळा वेळ उन्हात होता.

त्या तीन तासांत मी त्यांना लग्नाचं विचारलं. विधवेला विचारतोय म्हणजे केवढं धाडस करतोय, असं मला वाटत होतं, आणि ते माझ्या बोलण्यात उतरलं असणार. घरचे विरोध करतील पण मी पाहून घेईन, लोक बोलतील पण मी ऐकून घेईन, असं पुष्कळ बोललो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "अहो, तुम्ही विचारताय की मंजुरी देताय?" आणि हसल्या. वाईट हसल्या नाहीत. मग म्हणाल्या, मला शाळा पुरे आहे. पुढच्याच आठवड्यात हॉटेलात बसून मी तुला नामदारांच्या झोपेची आणि छत्रीवाल्या बाईंची गोष्ट सांगितली, तेव्हा त्यात मी नव्हतो. फाटकही नव्हतं. बाई आत गेल्या होत्या. तू विचारलंस, खरंच? मी नुसता हसलो. तू त्या हसण्यावर प्रहसन उभं केलंस, पण हसणं माझं होतं. झोप खरी होती, ती मी कापली. आत जाणं खोटं होतं, त्याखाली 'बाकी मंजूर' असं लिहून सही केली. तुझ्यासारख्या माणसाला निदान टाळ्या हव्या होत्या. मला काय हवं होतं ते सांगायचीसुद्धा लाज वाटते.

गेल्या रविवारी मी आगरच्या छोट्या गाडीने गेलो. बाई तिथे एका प्राथमिक शाळेत हिंदीतून शिकवतात. पिशवीत तुझी वही होती आणि एक नारळ. माझ्या मनात असं होतं की वही त्यांच्या हातात द्यावी, त्यांनी ती चुलीत घालावी आणि मी मोकळा होऊन संध्याकाळच्या गाडीने परतावं. त्यांच्या खोलीत खुर्ची एकच. मी पायरीवर बसलो आणि त्यांना खुर्चीवर बसायला सांगितलं. नारळ त्यांनी हातात घेऊन फिरवून पाहिला. मग म्हणाल्या, "तेव्हा हा नारळ आला असता तर मी आले असते. वर चढून बोललेही असते. त्या रात्री कर्ण्याचं तोंड आमच्या गल्लीकडे होतं, शब्द कळत नव्हते, नुसतं हसणं ऐकू येत होतं. पेपर तपासत होते मी. मला वाटलं, जायला हवं होतं, लोक किती मजेत आहेत." तो खेळ गावात एकट्या त्यांनीच पाहिला नव्हता. मला म्हणाल्या, "वाचा. सगळं वाचा, कापलेलंही." मी प्रॉम्प्टरच्या सवयीने हळू वाचू लागलो, तर म्हणाल्या, मोठ्याने वाचा. चपराशाचं ते वाक्य नऊ वेळा आहे. मी नऊ वेळा वाचलं. त्यांचा चेहरा हलला नाही. नामदारांच्या झोपेच्या ओळी आल्या तेव्हा मात्र त्या एकदम हसल्या, फाटकापाशी हसल्या होत्या तशा, आणि म्हणाल्या, "हे छान लिहिलंय हो. हे का कापलंत?"

मी वही मिटली. वही जाळा, असं मीच सुचवलं. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, "मी जाळली तर तुमचे नाटककार पुन्हा हुतात्मे होतील, आणि तुम्ही पुन्हा सुटाल. छापू दे. फक्त ज्याला जे माहीत होतं ते त्याने लिहावं. आणि नारळ आणलाय, तर माझं उत्तर राहिलंय." मग त्यांनी शाळेच्या कागदावर दोन पानं लिहिली, घडी केली, पाकिटात घातली आणि माझ्यासमोर डिंकाने चिकटवली. मला स्टेशनपर्यंत सोडायला आल्या. आगरचं ऊन ऑक्टोबरातही कडक असतं. त्यांच्या डोक्यावर पदर होता, हातात काही नव्हतं. सात वर्षांत छत्री घेतली नाही का, असं विचारायला माझी जीभ उचलली नाही. गाडी सुटेपर्यंत त्या शाळेतल्या मुलींबद्दल बोलत होत्या.

तेव्हा आता ऐक, हे पत्र तुला कशासाठी लिहिलं ते. सोबत तुझी वही आहे, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, सात ओळींसह. मी काहीही काढून घेतलेलं नाही. छत्रीचा प्रवेश तसाच आहे आणि माझी सहीही तशीच आहे. चिकटवलेलं पाकीट आहे, ते बाईंचं उत्तर, पुस्तकाच्या शेवटी छापायचं. त्यात काय आहे ते मला माहीत नाही, वाचणं आता माझं काम नाही. आणि हे पत्र प्रस्तावना म्हणून छापायचं. सुरुवातीच्या 'प्रिय'पासून शेवटच्या नावापर्यंत, माझ्या हसण्यासकट, नारळाच्या पाण्यासकट. मी त्यासाठीच लिहिलं आहे, म्हणूनच तुला ठाऊक असलेल्या गोष्टीही इतक्या तपशिलात सांगितल्या. माझी काही अट नाही, तुझ्यावर आता कोणाचीच अट नाही, तू अगदी स्वतंत्र आहेस. मला मात्र तुझी ओळख आहे. तू प्रस्तावना दोनदा वाचशील, पाकीट फोडशील, आणि मग विचार करशील की जागा पुरत नाही, किंवा प्रकाशकाला आवडणार नाही, किंवा एवढं लांबट कशाला. तेव्हा शोधाशोध नको म्हणून पार्सलात तळाशी माझी लाल पेन्सिलही ठेवली आहे. टोक करून दिलं आहे.

नाकारता येत नाही म्हणून तुझाच,
यज्ञेश्वर